घरी बांधलेल्या गाडीचा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर निवडताना आधी परतीची नळी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाइपची चौकट वेल्ड करून बांधलेली दोन आसनी बग्गी आहे. तिच्यात मारुती जिप्सी किंगचे १२९८ सीसीचे, १६ व्हॉल्व्हचे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेले) इंजिन बसवले आहे. टाकी २० लिटरची, जुन्या कार्ब्युरेटर गाडीची आहे. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बाहेरून घेतलेला, प्रोग्रॅम करता येणारा. पंप ताशी २५५ लिटरचा आणि त्यावर ऑनलाइन मागवलेला, गेज लावलेला ॲडजस्टेबल रेग्युलेटर, म्हणजे पेट्रोलचा दाब ठरावीक ठेवणारा भाग. स्क्रू पूर्ण सैल केला तरी दाब साडेचार बारच्या खाली उतरत नाही. रेग्युलेटर खराब निघाला का, आणि त्याऐवजी कोणता घ्यावा?

तुमचा रेग्युलेटर बहुधा खराब नाही. तो पूर्ण उघडलेला आहे आणि तरीही पुढे पेट्रोलला जायला पुरेशी वाट नाही. त्यामुळे दुसरा, महाग रेग्युलेटर आणून बसवलात तरी गेजचा काटा फार हलणार नाही. आधी हे का घडते ते समजून घ्या, म्हणजे निवड आपोआप सोपी होईल.

परतीची नळी असलेल्या इंजेक्शनच्या गाडीत रेग्युलेटर रेलच्या, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या, शेवटी बसतो. पंपाकडून पेट्रोल फिल्टरमधून रेलमध्ये येते, इंजेक्टर लागेल तेवढे घेतात आणि उरलेले रेग्युलेटरमधून टाकीत परत जाते. रेग्युलेटर दाब तयार करत नाही, तो जास्तीचे पेट्रोल सोडून देतो. धरणाच्या सांडव्याचेच काम ते. सांडवा अरुंद असेल तर दरवाजे पूर्ण उघडूनही पाणी चढतच राहते. बहुतेक जण रेग्युलेटर घेताना तो किती अश्वशक्तीसाठी आहे हे पाकिटावर वाचतात. पण फुल थ्रॉटलला रेग्युलेटरचे काम सोपे असते, कारण तेव्हा इंजिनच बरेच पेट्रोल घेत असते. त्याची खरी परीक्षा गाडी स्लोवर उभी असताना होते. तेव्हा पंपाचे जवळजवळ सगळे पेट्रोल त्याच्या सीटमधून, म्हणजे आतल्या व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून, आणि पुढच्या नळीतून परत जावे लागते.

तुमच्या गाडीचा हिशेब मांडून बघू. हे इंजिन ८० अश्वशक्तीचे, म्हणजे साधारण ६० किलोवॉटचे. पूर्ण ताकदीवर, मिक्स्चर थोडे रिच (पेट्रोल जास्त) धरून, दर किलोवॉट-तासाला ३३० ग्रॅमच्या आसपास पेट्रोल लागते. म्हणजे ताशी २० किलो, लिटरमध्ये सुमारे २७. आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि त्याची ऊर्जा कमी असते, म्हणून ३० धरा. इंजिनाची सगळ्यात मोठी भूक एवढीच. तुमचा पंप त्याच्या आठपट देतो. स्लोवर हे इंजिन ताशी जेमतेम लिटरभर पिते, बाकी सगळे परत.

हे सगळे परत जाते कुठून? तुम्ही पाठवलेल्या फोटोत टाकीला जुनेच परतीचे निपल आहे आणि त्याच मापाची नळी मागून पुढे आली आहे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्या वाटेने थोडेसे पेट्रोल आणि वाफ परत जायची, म्हणून ती बारीक ठेवलेली असते. आतून चार मिलिमीटर धरली, तर तीन मीटर नळीतून ताशी २०० लिटर ढकलायला सव्वा ते दीड बार दाब नळीतच खर्ची पडतो. वाकणे, निपल आणि बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) भोक यांचा भार वेगळा, आणि रेग्युलेटरच्या स्वतःच्या सीटचा त्याहून वेगळा. या सगळ्यांची बेरीज साडेचार बार झाली आहे. तीच नळी आतून आठ मिलिमीटरची केली तर नळीतला तोटा सुमारे ३२ पटीने कमी होतो, कारण व्यास दुप्पट केला की अवरोध साधारण त्याच्या पाचव्या घाताने उतरतो. अडचण कुठे आहे हे सांगायला मला तरी हा एक आकडा पुरेसा वाटतो.

माझ्या सांगण्यावर जाऊ नका, तपासून बघा. उघड्या जागेत, इंजिन गार असताना, ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवून आणि पेट्रोलचा दाब सोडून परतीची नळी रेग्युलेटरपाशी काढा. तिथे जाड, आखूड नळी लावून तिचे टोक निसटणार नाही असे धातूच्या कॅनमध्ये सोडा. जोडाजोडी चालू असताना बॅटरीची वायर काढलेली असू द्या आणि पंप लांबून, स्विचवरून काही सेकंदच चालवा. दाब लगेच खाली आला तर दोष परतीच्या वाटेचा. थोडाच उतरला आणि तीन बारच्या वरच राहिला, तर रेग्युलेटरची सीटसुद्धा या पंपाला लहान पडते आहे. दोन्ही थोडे थोडे असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

‘ईसीयूमध्ये इंधन कमी केले की चालते’ हे उत्तर तुम्हाला कोणीतरी दिले असेलच. इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. तीनऐवजी साडेचार बार झाले तर सुमारे २२ टक्के जास्त पेट्रोल जाते, आणि टेबलमध्ये तेवढे कमी केले की गाडी चालतेही. खरी अडचण पुढची आहे. रेग्युलेटरच्या हातून नियंत्रण गेले की दाब पंपाच्या वेगावर ठरतो, आणि पंपाचा वेग व्होल्टेजवर. रेडिएटरचा पंखा सुरू झाला, हेडलाइट लागले, व्होल्टेज पाव-अर्धा व्होल्टने खाली आले की दाब उतरतो आणि मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी) होते. आज सकाळी केलेले ट्यूनिंग संध्याकाळी जुळत नाही. मग माणूस ऑक्सिजन सेन्सर बदलतो, इंजेक्टर साफ करून आणतो, ईसीयूला दोष देतो. या चक्रात लोकांचे महिने गेलेले मी पाहिले आहेत. म्हणून हे मनापासून सांगतो: दाब स्थिर होत नाही तोवर ट्यूनिंगला हात लावू नका.

नियंत्रण रेग्युलेटरकडे आहे की नाही, हे ओळखायची साधी खूण आहे. इंजिन स्लोवर चालू असताना रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढा आणि तिचे इंजिनकडचे तोंड बोटाने बंद करा. दाब साधारण अर्धा-पाऊण बारने वर जायला हवा. पुन्हा लावली की खाली यायला हवा. काटा जागचा हलला नाही तर रेग्युलेटर नुसते पेट्रोल जायचे भोक बनून बसला आहे.

ही व्हॅक्यूम नळी का असते, हेही नीट समजून घ्या, कारण निवडीतला अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. इंजेक्टरच्या एका तोंडाला रेलचा दाब आणि दुसऱ्या तोंडाला मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातला, दाब असतो. पेट्रोल किती जाईल ते या दोन्हींच्या फरकावर ठरते. स्लोवर मॅनिफोल्डमध्ये चांगला व्हॅक्यूम असतो, फुल थ्रॉटलला जवळजवळ बाहेरच्या हवेइतकाच दाब असतो. रेग्युलेटर मॅनिफोल्डला जोडला की तो हा फरक कायम तीन बार ठेवतो आणि ईसीयूचे गणित सरळ राहते. नळी प्लेनममधून (सगळ्या सिलिंडरना हवा देणाऱ्या सामाईक पोकळीतून) घ्या, एका सिलिंडरच्या रनरमधून (हवेच्या वेगळ्या नळीतून) नको. थ्रॉटलच्या आधीच्या छिद्रातून तर मुळीच नको. प्रत्येक सिलिंडरला वेगळी थ्रॉटल बॉडी लावली असेल तर तिथला व्हॅक्यूम क्षीण आणि धडधडता असतो. अशा गाडीत मी ती जोडणी सरळ हवेला उघडी ठेवतो आणि ईसीयूला तसे सांगतो.

आता निवड. इंजिन आहे तसेच, टर्बोशिवाय चालवायचे असेल तर माझे मत ठाम आहे: कंपनीने रेलवर दिलेला मूळ रेग्युलेटर परत लावा आणि पंप बदला. तीन बारला ताशी ८० ते १०० लिटर देणारा, एखाद्या साध्या एमपीएफआय गाडीचा पंप तुम्हाला पुरून उरतो. मूळ रेग्युलेटर त्याच मापाच्या पंपासाठी बनलेला आहे, त्याचा दाब त्या इंजेक्टरना जुळणारा आहे, रेलवर त्याची जागा तयार आहे आणि गाडी बंद केल्यावर तो दाब धरूनही ठेवतो. ॲडजस्टेबल असण्याचा फायदा तुम्हाला नाही, कारण ॲडजस्ट करायचे काही नाही. स्क्रू दिसला की तो फिरवायचा मोह होतो आणि प्रत्येक वेळी ट्यूनिंग पहिल्यापासून सुरू होते. कंपनीचा सुटा रेग्युलेटर मिळत नसेल तर बॉशच्या तीन बारच्या ठरावीक दाबाच्या रेग्युलेटरसाठी रेलच्या टोकाला बसणारा ॲडॅप्टर टर्नरकडून करून घ्या. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा भोसरीत हे काम करणारे लेथवाले सहज भेटतात. सोबत नमुना म्हणून रेग्युलेटर न्या आणि ओ-रिंगच्या खाचेचे माप नीट घ्यायला सांगा, गळती होते ती तिथूनच.

पंप लहान घेण्याचे आणखी एक कारण आहे, ते आपल्याकडच्या उन्हाळ्यात फार जाणवते. दाबाखाली ताशी २४० लिटर फिरवणारा पंप तुमची २० लिटरची टाकी दर पाच मिनिटांनी एकदा गरम रेलमधून फिरवून आणतो. शिवाय असा पंप १०० वॉटच्या आसपास वीज खातो आणि ती जवळजवळ सगळी शेवटी पेट्रोलच्या उष्णतेतच जाते. टाकीतून उष्णता बाहेर गेली नाही असे धरले तर पेट्रोल एवढ्यानेच तासाला दहा-अकरा अंशांनी तापते. रेलमधून उचललेली उष्णता त्यावर आणखी. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात ४५ अंशांत गाडी उभी केली, पुन्हा सुरू करायला गेले आणि पंप नुसती वाफ ओढतोय, असे होते ते यामुळे. टाकी जितकी लहान, तितका मोठा पंप वाईट.

पुढे टर्बो लावायचाच आहे आणि म्हणून २५५चा पंप ठेवायचा आहे, असे असेल तर रस्ता वेगळा. मग मोठ्या सीटचा बायपास रेग्युलेटर घ्या, ज्याच्या परतीच्या तोंडाचे माप किमान सहा नंबर एएन (फिटिंगच्या मापांची एक पद्धत), म्हणजे आतून आठ-नऊ मिलिमीटर आहे. तेच माप टाकीपर्यंत न्या. मधे एकही बारीक निपल नको. वाटेतल्या सगळ्यात बारीक ठिकाणावर सगळे ठरते, म्हणून टाकीचे निपलसुद्धा बदलावे लागेल. त्यासाठी पेट्रोल भरलेली, किंवा रिकामी पण वापरलेली टाकी घरी वेल्ड करू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीहून घातक असते. ओ-रिंगसह नट लावून बसणारे बल्कहेड फिटिंग मिळते, ते वापरा. मापाबरोबरच रेग्युलेटर बूस्टला (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाला) एकास एक वाढणारा हवा: एक बार बूस्ट आला की रेलमध्ये चार बार. बूस्टच्या कितीतरी पट दाब वाढवणारे जे प्रकार मिळतात ते ईसीयू बदलता येत नव्हता तेव्हाची तडजोड होते. तुमच्याकडे प्रोग्रॅम होणारा ईसीयू असताना ते घेऊ नका. आणि पंप घेताना चार बारला तो किती देतो ते त्याच्या आलेखात बघा, पाकिटावरचा आकडा कमी दाबाचा असतो.

रेग्युलेटरच्या पडद्याचा प्रश्न मी सगळ्यात गंभीर मानतो. साध्या नायट्राइल रबराचा पडदा इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये फुगतो, मऊ पडतो आणि शेवटी फाटतो. तो फाटला की पेट्रोल व्हॅक्यूम नळीतून थेट मॅनिफोल्डमध्ये जाते. इंजिन काळा धूर टाकते, आणि नळी कुठे सैल असेल तर गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकते. म्हणून विकणाऱ्याला पडदा आणि ओ-रिंग कशाच्या आहेत हे स्पष्ट विचारा. फ्लुओरोइलॅस्टोमर, ज्याला बाजारात व्हायटॉन म्हणतात, किंवा फ्लुओरोसिलिकोन असे उत्तर मिळाले तरच पैसे द्या. उत्तर देता येत नसेल तर तो रेग्युलेटर कितीही चकचकीत असला तरी सोडून द्या. नळीलाही हाच नियम: एसएई जे३०आर९ छापलेली, क्लॅम्प गुळगुळीत पट्टीचे. आर७ छापलेली नळी कार्ब्युरेटरच्या दाबाची आहे, इंजेक्शनला चालत नाही. सर्व्हिस करताना रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून तिचा वास घ्यायची सवय लावा. पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी पुढे चालवायची नाही.

तुमच्या रेग्युलेटरवरच्या गेजबद्दलही थोडे. ग्लिसरीन भरलेले गेज इंजिनाच्या उष्णतेने चुकते, कारण आतला द्रव फुगून डबीतला दाब बदलतो. गार असताना तीन दाखवणारे गेज गरम झाल्यावर कमी दाखवते आणि आपण स्क्रू आवळत बसतो. गेजचा उपयोग गार इंजिनावर पहिला दाब लावण्यापुरता करा. कायमचे लक्ष ठेवायचे तर शून्य ते दहा बारचा विद्युत सेन्सर रेलवर लावा आणि त्याची वायर ईसीयूला द्या. लॉगमध्ये दाब आणि मॅनिफोल्डचा दाब एकाखाली एक दिसले की निम्मे वाद मिटतात. डॅशबोर्डवर गेज दिसावे म्हणून पेट्रोलची नळी माणूस बसतो तिथे आणणे मात्र कोणत्याही कारणाने मान्य करू नका.

फिटिंगच्या बाबतीत एकच चूक मी वारंवार पाहतो. एएनचा कोन ३७ अंशांचा असतो, आपल्याकडच्या साध्या फ्लेअरचा बहुधा ४५. आटे एकमेकांत फिरतात, पण तोंडे बसत नाहीत, आणि मग लोक टेफ्लॉन टेप गुंडाळतात. फ्लेअरच्या आणि ओ-रिंगच्या जोडाला टेप लागत नाही. टेपचा तुकडा सुटून सरळ रेग्युलेटरच्या सीटवर जाऊन बसतो आणि दाब धरला जात नाही.

वेगळी मांडणी असलेल्यांसाठी दोन गोष्टी. आजच्या बऱ्याच गाड्यांचा आणि मोटारसायकलींचा पंप टाकीतच असतो आणि रेग्युलेटर त्या मॉड्युलमध्येच बसवलेला असतो. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला गाड्यांत अनेक संघ केटीएम ३९०चे इंजिन वापरतात. त्यांच्यापैकी कोणी पूर्ण मॉड्यूल उचलले आणि वर रेलवर आणखी एक परतीचा रेग्युलेटर लावला, तर दोन्हींपैकी कमी दाबाचा जो असेल त्याचेच राज्य चालते आणि दुसऱ्याचा स्क्रू फिरवून काही होत नाही. एकच ठेवा. मॉड्युलमधला ठेवला तर त्याला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून इंजेक्टरचा प्रवाह मॅनिफोल्डच्या दाबानुसार बदलायची सोय ईसीयूत चालू करावी लागते. आणि ज्यांच्याकडे कार्ब्युरेटर आहे त्यांनी यातले काही घेऊ नये. वेबरसारख्या कार्ब्युरेटरला पाव बारच्या आसपास दाब पुरतो, जास्त झाला की फ्लोटची सुई उचलली जाते आणि पेट्रोल उतू जाते. इंजेक्शनचा रेग्युलेटर तेवढ्या खाली येतच नाही. त्यांनी कमी दाबाचा पंपच घ्यावा.

नवीन जोडणी झाली की दाब लावायची पद्धत अशी. इंजिन बंद ठेवून, व्हॅक्यूम नळी काढून पंप चालवा आणि दाब तीन बारवर आणा. मूळ रेग्युलेटर असेल तर तो तीनच्या आसपास आपोआप दाखवेल, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. लॉकनट आवळा. इंजिन सुरू करून व्होल्टेज १४च्या जवळ गेले की पुन्हा बघा, कारण आता पंप जोरात चालतो आहे. नळी काढलेली असताना दाब तेवढाच राहिला तर परतीची वाट पुरेशी आहे. वाढला तर अजून कुठेतरी अडते आहे. मग इंजेक्टरचा प्रवाह आणि उघडायला लागणारा वेळ हे दोन्ही आकडे याच दाबाचे ईसीयूत भरा आणि तिथून ट्यूनिंग सुरू करा. पंप बंद केल्यावर दाब झटक्यात शून्यावर येत असेल तर पंपातला चेक व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटरची सीट गळते आहे. बरेच ॲडजस्टेबल रेग्युलेटर मुळातच दाब फार वेळ धरत नाहीत. त्याने नुकसान होत नाही, मात्र गरम इंजिन सुरू करताना पंपाला आधी दोन-तीन सेकंद चालू द्यावे लागते.

ही बग्गी रस्त्यावर आणायचा विचार असेल तर आरटीओकडे आधी विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे बदल केलेल्या गाडीची नोंदणीच अवघड आहे, स्वतः बांधलेल्या गाडीची तर आणखी. शेतात किंवा बंद ट्रॅकवर चालवणार असाल तरीही पंपाचा रिले ईसीयूकडून चालवा, म्हणजे इंजिनाचे फिरणे थांबले की पंपही थांबेल. तुमच्या वायरिंगच्या चित्रात पंप थेट इग्निशन स्विचवर आहे. गाडी उलटली आणि नळी तुटली तर तो चावी बंद करेपर्यंत पेट्रोल ओतत राहील. रेग्युलेटर येण्याची वाट न बघता ती वायर आधी बदला, आणि सोबत धक्का बसताच वीज तोडणारा इनर्शिया स्विच पंपाच्या लाइनमध्ये घाला.